लाइन गेली, बटन चालूच राहिलं

मित्रांनो, अनसिंगच्या जगदेव मिस्त्रीच्या दुकानातला जुनाट, कळकट फर्मा म्हणजे मी. कोणी मला पाटी समजतं, कोणी तुटकी फळी. समजा बापडे. पण स्वयंपाकघरातल्या लाकडी ओट्याच्या दोन फळ्या कोपऱ्यात जुळवायच्या असतील, तर माझ्याशिवाय पान हलत नाही. मला फळीवर शिकंज्यांनी आवळायचं आणि माझ्या खाचेतून राउटर चालवायचा. राउटर म्हणजे गरगर फिरणारं पातं लावलेलं मशीन. मी वाट दाखवतो, तो कापतो.

जगदेवनं मला जाड प्लायमधून कापलं. कानशीनं घासून घासून माझी कड अशी केली की नखही अडकू नये. काम करताना डोळ्यांवर चष्मा, आणि पातं एकदम खोल घालायचं नाही, थोडं थोडं उतरायचं. आसेगावच्या विमलबाईंनी ओट्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "जोड कुठी हाय हेच समजून नाही राह्यलं, भाऊ." मी फुगलो. प्लायनं फुगू नये, पण काय करता!

पुढचं सांगताना माझा जीव अजून तुटतो. राउटरची पिन फुटली होती. नवी आणायची सोडून जगदेवनं वायरी सोलल्या, बोर्डाच्या भोकात खुपसल्या आणि वर आगपेटीच्या काड्या ठोकल्या. आपल्याकडे घरोघरी करतात तसंच. मंगरूळपीरला तनुजाताईंच्या नव्या घरात काम होतं. बोर्ड बाहेरच्या खोलीत, आम्ही आत. सांधा अर्धा कापला आणि लाइन गेली. राउटर थांबला, त्याचं बटन मात्र चालूच राहिलं.

"तवरिक पातं बदलून घेतो," जगदेव म्हणाला.

त्याचा जोडीदार लखन म्हणाला, "भाऊ, पयले वायर काढा."

"लाइनच नाही तं वायर कायले काढू? पुन्हा काड्या कोण ठोकत बसन?"

त्यानं राउटर मांडीवर उलटा घेतला आणि पातं उजव्या हातानं धरलं. तेवढ्यात लाइन आली.

मी जागचा हललो नाही. हलता येत असतं तर मध्ये पडलो असतो. माझ्यावर रक्त उडालं, ते प्लायमध्ये मुरलं, अजून आहे. वाशीमच्या डॉक्टरांनी हात शिवला, पण अंगठा आणि दोन बोटं गेली ती गेलीच. पंचफुला, त्याची बायको, त्याला घास भरवायची आणि तो भिंतीकडे मान वळवायचा. दुकान बंद झालं. मला कोळिष्टकांनी वेढलं. माझं कोणी नाव घेईना, आणि मला राग नव्हता, फार दुःख होतं.

मग एक दिवस लखन मला न्यायला आला. "एक ओटा भेटला, भाऊ. फर्मा नेऊ का?"

"मी बी येतो."

"तुमी काय करसान तिथी?"

"पिन धरतो," जगदेव म्हणाला.

तेव्हापासून राउटरला नवी पिन आहे, आणि बोर्डाजवळ पालथ्या बादलीवर जगदेव बसतो. लाइन गेली किंवा पातं बदलायचं झालं, की तो पिन उपसतो आणि लखन सांगेपर्यंत सोडत नाही. ज्याचे सांधे बघायला माणसं यायची, त्याचं आता एवढंच काम. घरातली माणसं हसतात, "हा माणूस नुसता बसून कायले राह्यला?" मित्रांनो, तुम्ही तरी हसू नका. तुमच्या घरी कोणी मशीन उघडायला बसलं, तर आधी पिन काढायला लावा. हट्ट धरा, रडा, पण काढायला लावा.

परवाच काम चालू असताना लाइन गेली. लखननं राउटर मांडीवर घेतला. बटन बंद करायचं त्याच्याही ध्यानात राहिलं नाही. त्याची बोटं पात्यावर होती आणि घरातले सगळे पंखे एकदम फिरायला लागले. राउटर गप्प पडून होता. बाहेर जगदेव डोळे मिटून बसला होता, पिन डाव्या मुठीत आवळून.