गुडघ्याची वाटी

“मोठ्या माणसाचा सांगाडा पाठ करून लहान पोराची हाडं वाचायला जाऊ नका, फसाल,” असं अनंत सर बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी एकदा तास संपता संपता म्हणाले होते. मृणालनं तेव्हा वही मिटत शेजारणीला कोपरानं ढोसलं होतं, “हे काही पेपरात येत नाही.” आणि खरंच आलं नाही. आले ते हाडांचे पाच प्रकार. मांडीचं लांब, मनगटातली आखूड, कवटीची चपटी, मणक्यांची वेडीवाकडी, आणि पाचवं तिळावरून नाव पडलेलं, स्नायूच्या दोरीतच वाढणारं, म्हणजे गुडघ्याची वाटी. तिचं उत्तर सरांनी वर्गात वाचून दाखवलं होतं.

त्या पाचव्या हाडानंच पुढे तिचा घात केला.

आता ती शनवारा मोहल्ल्यात सासरी होती आणि तिला सव्वा वर्षाची मुलगी होती, भूमिका. पोरगी झोपली की मृणाल नाकाखाली बोट धरून श्वास बघायची. सासू, अलकाताई, हसायच्या. “अगं, पोरगी आहे की चुलीवरचं दूध? सारखी काय उभी राहतेस डोक्याशी?”

मालिशीला सोजरबाई यायची. मृणालच्या नवऱ्यालाही लहानपणी तिनंच न्हाऊ घातलेलं. पाय पसरून बसायची, भूमिकेला नडग्यांवर पालथं घ्यायची आणि तेलाचा अंगठा सांध्यांभोवती फिरवत टोमणे मारायची, “रड व, रड. बाप तुहा याच्याहून मोठ्यानं बोंबलायचा.”

एका दुपारी मालिश झाल्यावर भूमिकेचा उजवा गुडघा सुजलेला दिसला. हात लावला की ती किंचाळायची. नवरा कामानं इंदूरला गेलेला. मृणालनं धावतपळत एक्स-रे काढून घेतला, पण मुलांचे डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळीच भेटणार होते. घरी येऊन तिनं फिल्म खिडकीच्या काचेला लावली. मांडीचं हाड होतं, नडगी होती. वाटी नव्हती. तिनं कपाटावरून सासूच्या गुडघ्याची जुनी फिल्म काढली आणि शेजारी धरली. त्यात वाटी सुपारीसारखी ठसठशीत. भूमिकेच्या गुडघ्यात नुसता मोकळा अंधार.

“आई, वाटीच नाहीये. चुरा झालाय नाहीतर सरकलीय कुठेतरी.”

“उद्या डॉक्टर बघतील ना. तोवर कुणाला काही बोलू नकोस.”

पण संध्याकाळी सोजरबाई आपणहून आली, पोरगी कशी आहे विचारायला. मृणालनं तिला दारातच थांबवलं.

“काय केलंत सोजरबाई? दाबून दाबून वाटी मोडलीत माझ्या मुलीची. मी शिकलेय हे सगळं. इथे हाड पाहिजे. बघा, आहे का?”

सोजरबाई भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं फिल्मजवळ तोंड नेऊन पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग सासूची फिल्म पाहिली.

“नाही दिसत व बाई,” ती म्हणाली. “माह्याच हातून झालं असंल. जड झाले आता हात.”

आणि उंबऱ्यावरूनच परत गेली.

सकाळी डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली आणि हसले. “मॅडम, वाटी है ना, अंदरच आहे. अभी नरम आहे, कूर्चा. एक्स-रेत कशी येणार? तीन वर्षांनंतर दिसायला लागते, काही मुलांना तर पाच-सहा.”

“मग सूज?”

“कीडा चावलाय. हा डाग बघा.”

मृणालला आनंद झाला, जिना उतरेपर्यंत टिकला. खाली रस्त्यावर आली आणि तिला सोजरबाईचा फिल्मजवळ नेलेला चेहरा आठवला. तशीच ती तिच्या खोलीवर गेली. कुलूप. शेजारीण म्हणाली, म्हातारी पहाटेच भाचीकडे गेली, दापोऱ्याला.

रविवारी भूमिकेला घेऊन मृणाल दापोऱ्याला गेली. केळीच्या बागांना लागून शोभाचं, म्हणजे त्या भाचीचं, घर. सोजरबाई ओट्यावर बसली होती. मृणाल पाया पडली, रडली, सगळं सांगितलं.

“वाटी मोडलीच नव्हती, सोजरबाई. ती लहान मुलांची मऊ असते, फोटोत येत नाही.”

“असलेलं हाड फोटोत येत नाही, असं असतं का कुठं?”

“डॉक्टरांनी सांगितलं.”

“तू चांगली आहेस. म्हातारीच्या जिवाला लागू नये म्हणून सांगतेस. पण मी पाह्यलं ना व, माह्या डोळ्यांनी पाह्यलं. अलकाची वाटी दिसली, पोरीची नाही दिसली.”

“मग हात लावून बघा. बघा ना, कशी उभी राहतेय.”

भूमिका तिच्याकडे झेपावली. सोजरबाईनं दोन्ही हात पदरात घेतले आणि भिंतीकडे सरकून बसली.

शोभा मृणालला सोडायला रस्त्यापर्यंत आली. “शेजारचं बाळ आणलं होतं न्हाऊ घालायला, तर घेतलं नाही. जेवत बी नाही धड. हात पाहत बसते. मी म्हणलं, मावशी, काय सापडलं का हातात? तर हसली बी नाही.”

मृणाल नंतर आणखी दोनदा गेली. एकदा सासूला नेलं, एकदा डॉक्टरांना मोबाइलवरून तिच्याशी बोलायला लावलं. सोजरबाईनं सगळं ऐकलं, मान हलवली, चहा दिला. आरोप करताना मृणालच्या आवाजात जे शिक्षण होतं तेच आताही होतं, पण म्हातारीनं पहिलं खरं धरलं आणि दुसऱ्याला दया समजली. मृणालचं तिथं काही चालणार नव्हतं. दुसऱ्या कुणाचं तरी चालायला हवं होतं, ज्याला सोजरबाईवर दया करायचं काही कारण नाही.

म्हणून आता दवाखान्यात, बाजारात, जी कुणी लेकुरवाळी भेटेल तिला मृणाल सांगते. तुम्हालाही सांगते आहे. दापोऱ्याकडे जाणं झालं तर शोभाच्या घरी डोकावून या. सोजरबाई जेवते का, बघा. कडेवर मूल असेल तर त्याचं अंग दुखतंय म्हणा आणि सरळ तिच्या पायांवर ठेवा. माझं नाव काढू नका. तिनं पदरातून हात बाहेर काढले का, तेवढं मला कळवा.