पाऊण वेगाचं वळण

नळाने घसा खाकरला. आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगला दुपारी तीनला पाणी येतं, त्याआधी पाइपातली हवा अशी बाहेर पडते. मी पेन्सिल कानामागे खोचली, बादली लावली आणि वळून पाहिलं तर अबोली माझ्या खुर्चीत. गालावर चादरीची नक्षी उठलेली.

"काय करतेस गं आई?"

"रस्त्याचं वळण."

पाच वर्षांच्या पोरीला आणखी काय सांगणार? हायवेची भूमिती हा माझा राहिलेला एकच पेपर. दोनदा उडाला, केटी लागली. पहिल्यांदा ही पोटात होती, दुसऱ्यांदा अंगावर पीत होती. आता सोमवारी जुन्या अभ्यासक्रमाची शेवटची परीक्षा. सुटले तर इंजिनियर, नाहीतर चार वर्षं पाण्यात. विक्रोळीच्या एका ऑफिसात बोलणंही झालं होतं. रस्ते आखायचं काम, निकाल दाखवा आणि या म्हणाले होते.

मी पोळपाट आणला, एक कड उचलून धरली आणि त्यावर तिची लाल गाडी ठेवली.

"वळणावर गाडी बाहेर फेकली जाते ना, म्हणून रस्त्याची बाहेरची कड अशी वर उचलायची."

"खूप उचल."

"खूप उचलली तर हळू जाणारी गाडी आत घसरेल. बघ."

गाडी घसरली. ती खुदकन हसली.

"मग?"

"मग वेगाचा पाऊण भाग धरायचा, तेवढ्यापुरताच रस्ता उचलायचा. उरलेलं टायर बघून घेतात."

दोन्ही वेळा मी याच गणितात पूर्ण वेग धरला होता. या वेळी मात्र पोळ्या लाटताना, हिची वेणी घालताना सूत्र म्हणून म्हणून पाठ केलं होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी चुकले नसते.

तेवढ्यात श्रुतिकाचा फोन आला. तिचीही हीच केटी. दोघींची हॉलतिकिटं घ्यायला ती कॉलेजात गेली होती.

"ऐक ना, तुझं नाव यादीत नाही."

"नीट बघ गं."

"तीनदा बघितलं. तुझा फॉर्मच आलेला नाही म्हणतायत. कोणी भरला होता?"

"हर्षदने."

माझ्या नवऱ्याचं ऑफिस अंधेरीला, कॉलेजच्याच रस्त्यावर. अबोलीला ताप होता म्हणून सही केलेला फॉर्म जुन्या गुणपत्रिकांसकट त्याच्या हातात दिला होता. संध्याकाळी आल्यावर "झालं काम" म्हणाला होता. मी त्या दिवशी शिरा केला होता.

आज तो बूट काढत असतानाच विचारलं, "फॉर्म भरला होतास?"

त्याने दुसरा बूट काढला. मोजे बुटात कोंबले.

"कोण म्हणालं?"

"भरला होतास का, हर्षद?"

"अगं, तू विक्रोळीला जाणार. जूनपासून हिची पहिली. दुपारी शाळेतून आणणार कोण? म्हटलं हे वर्ष जाऊ दे. पुढच्या वर्षी भर ना, मी कुठे नाही म्हणतोय?"

"पुढच्या वर्षी हा अभ्यासक्रमच नाही. ही शेवटची वेळ होती."

"हे तू बोलली नाहीस."

"फॉर्मवर छापलं होतं. सगळ्यात वर."

"एवढं कोण वाचतं यार." मग जरा आवाज उतरवून म्हणाला, "तशीही दोनदा गेलीच होती ना तुझी."

वाईट याचं वाटलं की तो खोटं बोलत नव्हता. त्याने खरंच वाचलं नव्हतं. एवढ्या सहज माझी चार वर्षं कुठल्याशा ड्रॉवरमध्ये सारली, वर घरी येऊन शिरा दोनदा मागून खाल्ला.

"चहा टाकतेस?" त्याने विचारलं.

मी टाकला. त्याला हाक न मारता कप समोर ठेवला आणि आतल्या खोलीत जाऊन वह्या गोळा करायला लागले. रद्दीत घालायच्या की माळ्यावर, ते कळेना. अबोली मागोमाग आली, एक वही ओढून पोटाशी धरून बसली. तिने बाहेरचं सगळं ऐकलं होतं.

"सोमवारी तू जाणार नाहीस?"

"नाही गं राणी."

ती बराच वेळ वहीची पानं उलटत राहिली. वळणांवरून बोट फिरवत राहिली.

"आई, मग तू पास झालीस की नापास?"