धानाच्या गावातला माऊस

मित्रांनो, मी एक जुना माऊस आहे. आजकालच्या माऊसच्या पोटाखाली दिवा असतो, माझ्या पोटात रबरी गोळी आहे. धानाच्या मुलखात उंदराचं नाव घेऊन जगणं काही सोपं नव्हतं बरं का! ब्रह्मपुरीत पाय ठेवला त्याच दिवशी एका शेतकऱ्याने विचारलं, आम्ही उंदरांच्या नावानं बोटं मोडतो आणि तुम्ही त्याला विकत आणता?

नाहीद मॅडमनी मला आणलं. त्यांच्या वडिलांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानावर एक खोली होती. तिथे मॅडम लोकांना कॉम्प्युटर आणि इंटरनेट शिकवायच्या आणि कोणत्या ऑफिसला कोणतं यंत्र घ्यावं याचा सल्लाही द्यायच्या. तेव्हा इंटरनेट फोनच्या तारेतून किंचाळत यायचं. शेजारी राइस मिल होती. तिचा कोंडा माझ्या पोटात शिरायचा आणि मी जागच्या जागी अडायचो. मॅडम रोज सकाळी माझी गोळी काढून पुसायच्या, म्हणून माझं चालायचं.

एकदा पावसाळ्यात इंदुताई आल्या. जवळच्या गावातल्या पतसंस्थेत त्या पावत्या लिहायच्या. संस्थेत दिवाळीनंतर कॉम्प्युटर येणार होता आणि सेक्रेटरी श्रीहरीभाऊंनी बजावलं होतं, ज्याला तो चालवता येणार नाही त्यानं घरी बसावं. घरात पगार तेवढा इंदुताईंचाच.

पण काय सांगू, त्यांनी मला हात लावला की माझ्याच जिवाचं पाणी व्हायचं. बाण वर न्यायचा तर खाली, फाईल उघडायची तर दुसरीच पुसली जायची. मागच्या बाकावरची कॉलेजची पोरं तोंड दाबून हसायची. इंदुताईंना घाम फुटायचा. मला त्या पोरांचा असा राग यायचा, पण मी करणार काय? अखेर एका दुपारी इंदुताईंनी पिशवी उचलली आणि म्हणाल्या, "मॅडम, माह्या हाताले अक्कलच नाई. मी उद्यापासून येत नाई."

मॅडमनी त्यांना थांबवलं, चहा मागवला. खोलीत तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. इंदुताईंनी नकळत डाव्या हाताने कप धरला आणि लगेच चपापून उजव्यात घेतला. मॅडमचं बरोबर लक्ष गेलं.

"काऊन लपवता, ताई?"

इंदुताईंनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "लहानपणी मायनं हा हात बांधून ठेवला होता. डाव्या हाताच्या पोरीले कोणी सून करत नाई म्हणे."

मॅडम उठल्या. त्यांनी माझी वायर कॉम्प्युटरच्या मागून फिरवली, मला डाव्या बाजूला ठेवलं आणि माझ्या दोन्ही बटणांची कामं आपसात बदलून टाकली. इंदुताईंनी भीत भीत हात ठेवला. आणि मित्रांनो, बाण सरळ गेला! आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी इतकं अलगद चालवलं. इंदुताई हसता हसता रडायला लागल्या, आणि मलाही भरून आलं.

दिवाळीनंतर संस्थेत कॉम्प्युटर आला, पण त्याचा नवा माऊस उजव्या हाताच्याच घडणीचा निघाला. इंदुताईंनी मॅडमकडून मला मागून नेलं. पहिल्या दिवशी श्रीहरीभाऊ यंत्र बघायला आले. माऊस भलतीकडे ठेवलाय म्हणून त्यांनी मला उचलून उजवीकडे सरकवलं. सगळं ऑफिस बघत होतं. इंदुताईंनी मला शांतपणे उचललं आणि परत डावीकडे ठेवलं.

"भाऊ, हा इथीच राहते."

 मग इंदुताईंनी सकाळपासूनचा हिशोब छापून श्रीहरीभाऊंपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, मान हलवली आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

आता माझी गोळी झिजली आहे. आज ना उद्या माझ्या जागी दुसरा येईल, त्याचं मला दुःख नाही. एवढंच मागणं आहे, मित्रांनो. त्याचं पोट स्वच्छ ठेवा. आणि तुमच्या शेजारी बसलेल्या कोणाला काही जमत नसेल, तर हसण्याआधी माऊस एकदा दुसऱ्या बाजूला ठेवून बघा.