सापांचं पाप कुणाच्या माथी

धनराजशेठच्या बंगल्यात शिरताना मृण्मयीला पोर्चमध्ये एक जुनी फटफटी दिसली. चाकांत हवा नाही, पण हँडलला ताजा हार. बघितलं आणि विसरली. तिच्या डोक्यात साप होते.

हे साप दूर समुद्रातल्या एका बेटावरचे. कुठल्याशा जहाजातून फुकट आले आणि बेटाचे मालक होऊन बसले. त्यांना आवर कसा घालायचा, हे मृण्मयीचं संशोधन. सरकारी पैसा आटला होता. शेठच्या ट्रस्टने हात दिला नाही, तर नाशिक रोडच्या क्लासमध्ये नववीच्या पोरांना बेडूक शिकवणं तिच्या नशिबी होतं.

लासलगावला कांदा नुसता दाबून भाव सांगणारे शेठ सोफ्यावर बसले होते. शेजारी घरचे ढुंढिराज गुरुजी. त्यांना विचारल्याशिवाय ट्रस्टचा पैसा हलत नसे.

"मारणार कसे?" शेठनी विचारलं.

"मेलेल्या उंदरात तापाची गोळी घालायची. उंदराला कागदी छत्री बांधून हेलिकॉप्टरमधून सोडायचा. तो झाडात अडकतो, साप गिळतो आणि मरतो."

शेठनी गुरुजींकडे बघितलं. "पोराच्या लग्नात मी हेलिकॉप्टर म्हणलो, तर सगळे उधळपट्टी म्हणले. आन् उंदराला चालतं."

"संशोधन आहे, शेठ."

"पैशाचं सोडा, ताई. पाप कुणाचं? एक नाग मारला तरी त्र्यंबकला नागबळी करावा लागतो. हितं तर लय साप. मी काय जन्मभर त्र्यंबकलाच बसू?"

"तसं पाहिलं तर," गुरुजी म्हणाले, "सापाने डॉक्टरला न विचारता गोळी घेतली. शेठचा दोष अर्धाच."

"उरलेला अर्धा?"

"हेलिकॉप्टरवाल्याचा."

शेठना पटलं नाही. "आन् उंदीर गणपतीचा हाय. बापाच्या गळ्यातला साप मारायला पोराचा उंदीर वापरायचा. देवाच्या घरात भांडण लावायचं काम हाय हे."

ते उठलेच. मृण्मयीने लॅपटॉप मिटायला घेतला, तर पडद्यावर शेवटचं चित्र उरलं होतं. नुसती झाडं.

"हे काय?"

"तिथलं जंगल. सापांनी पक्षी खाल्ले."

"कावळे?"

"एकही नाही."

शेठ परत बसले. "मग तिथं दहाव्याला पिंडाला शिवतं कोण?"

तिथे दहावाच करत नाहीत, हे सांगायला मृण्मयीने तोंड उघडलं. गुरुजी खोकले.

"कुणीच नाही," ती म्हणाली. खोटं काहीच नव्हतं.

शेठ पोर्चकडे बघत राहिले. "आमचे वडील, आबा, त्यांच्या दहाव्याला रामकुंडावर दुपारपर्यंत थांबले. कावळे नुसते बघत होते. भावाला सांभाळतो म्हणलो, दारू सोडतो म्हणलो, एक उतरंना. शेवटी म्हणलं, आबा, फटफटी विकत नाय. झडपच घातली." त्यांनी नाक शिंकरलं. "आन् ती माणसं खोळंबलीत तिथं. घ्या पैसे. कावळा आणा."

"त्यासाठी आधी साप हटवावे लागतील."

"मग हटवा. नागबळी सगळ्या सापांचा मिळून करू, कावळे परतले की. तिथंच. गुरुजी येतील."

हेलिकॉप्टरचं नाव निघाल्यापासून गुरुजी तयारच होते. पण त्यांना एक शंका आली. "कावळा सापाच्या पिंडाला शिवेल का हो? त्याचं सगळं खानदान खाल्लंय यांनी."

शेठनी कांदा दाबावा तसा विचार केला.

"पिंडावर उंदीर ठेवू," ते म्हणाले. "बिनगोळीचा."