सव्वीस नंबरची गोणी

मंगळवारी आलेल्या कथिलाच्या खनिजात, सव्वीस नंबरच्या गोणीत, माझी बायको निघाली. गोणी पन्नास किलोची होती आणि कुमुदचं वजनही पन्नासच, त्यामुळे काट्यावर काही लक्षात आलं नव्हतं. तांडेलने शिवण उसवली, आत हात घातला आणि लगेच बाहेर काढला.

"साहेब, आत वैनी हायेत," तो म्हणाला. तांडेल या शेडमध्ये तीस वर्षं गोण्या उघडतोय. तो उगाच काही बोलत नाही.

मी वाकून पाहिलं. काळपट तपकिरी, रव्यासारखी बारीक आणि भलतीच जड वाळू. तीच होती. सकाळी डबा देताना ती नेहमीसारखी असावी. मी डब्याकडे पाहत होतो.

"अहो, घरी कधी जायचं?" गोणीतून कुमुदने विचारलं.

"वर्गीकरण झालं की," मी म्हणालो.

मी कस्टम्समध्ये आहे. बंदरावर उतरलेला माल कुठल्या शीर्षकाखाली बसतो ते मी ठरवतो. एकवीस वर्षांत माझं एकही वर्गीकरण फिरलेलं नाही, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. माल खनिज ठरला की त्याच दिवशी भट्टीकडे रवाना होतो. पण नियमात एक फट आहे. धातूच्या धंद्यात नेहमी होत नाही अशी एखादी जरी प्रक्रिया मालावर झालेली असली, तर तो खनिज राहत नाही. मग मी कुमुदला घरी नेऊ शकत होतो. एकच प्रक्रिया पुरेशी होती.

माझ्या वरिष्ठ सबनीस मॅडम शेडमध्येच टेबल टाकून बसल्या. त्यांनी नेहमीच्या प्रक्रियांची यादी उघडली.

"आठल्ये, लग्नाला किती वर्षं?"

"एकोणीस."

"मग काहीतरी सापडेलच. सांगा, यांच्यावर तुमच्या घरात काय काय झालंय?"

मी आठवू लागलो. "पहिली चार वर्षं माझ्या आईने तिला पार भरडून काढलं. मी मध्ये पडलो नाही."

"भरडणे. नेहमीची." मॅडमनी खूण केली. शेडची मागची भिंत एक खांब पुढे आली.

"तिच्या बोलण्यातलं मला हवं तेवढंच मी ऐकत आलो."

"चाळणे. नेहमीची." भिंत आणखी एक खांब पुढे आली.

"तिची नोकरी सुटली तेव्हा ती रोज रडायची. मी म्हणालो, होईल सवय. मग रडायची थांबली."

"वाळवणे."

"माझं डोकं तापलं की..."

"भाजणे. पुढे."

भिंत आता तांडेलच्या पाठीला टेकली होती. "साहेब, कायतरी चांगलं आठवा की," तो म्हणाला. "दोघं कुठं फिराया गेला असाल."

"हरिहरेश्वरला गेलो होतो. ती समुद्रात उभी होती. मी सामानापाशी बसलो होतो."

"धुणे," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या.

मला लाज वाटली. खरं तर रडूही यायला हवं होतं, पण ते आलं नाही. शेड एव्हाना आमच्या स्वयंपाकघराएवढी राहिली होती. तेवढ्यात मला एसटी स्टँड आठवला.

"लग्न नवीन होतं. स्टँडवर तिच्या डोळ्यात कचरा गेला. मी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि फुंकर घातली. बराच वेळ घालत होतो. आमची गाडी चुकली."

गोणीत काहीतरी सरकलं.

"निळी साडी होती मी नेसलेली," कुमुद म्हणाली. "तुम्ही गाडीकडे बघितलंसुद्धा नाहीत."

सबनीस मॅडमनी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. त्यांनाही ते सापडायला नको होतं, एवढं मला दिसलं.

"हवेच्या झोताने वेगळं करणे," त्या म्हणाल्या. "आहे, आठल्ये. शेवटून दुसरी."

मी रकान्यात खनिज असं लिहिलं. सही नेहमीसारखी नीट आली.

आता फक्त नमुना काढायचा होता. ढीग करायचा, सपाट करायचा, चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे आणि दोन गोणीत परत टाकायचे. मूठभर उरेपर्यंत असंच करत जायचं. ती मूठ म्हणजे अख्खा माल, असं नियम मानतो.

पहिल्या वेळी कुमुद म्हणाली, "अहो, गॅसवर दूध आहे, आणि बाल्कनीतले कपडे तेवढे..."

दुसऱ्या वेळी म्हणाली, "गॅसवर दूध आहे."

तिसऱ्या वेळी म्हणाली, "दूध."

तांडेलने गोणी शिवली. शिवताना तो "माफ करा वैनी" म्हणाला. कुणीतरी बाहेरून गोणी ओढून घेतली, ट्रकचं फळकं वाजलं आणि ट्रक भट्टीच्या रस्त्याला लागला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही, कारण नमुना हातात असताना नजर हलवायची नसते.

शेडमध्ये आम्हा तिघांचे गुडघे एकमेकांना टेकत होते. सबनीस मॅडमनी पाकीट उघडून धरलं. तांडेलने सीलसाठी लाख वितळवली. माझ्या तळहातावर मूठभर वाळू होती आणि तिच्या वजनाने मनगट खाली जात होतं.

"अहो," ती म्हणाली, "डोळ्यात काहीतरी गेलंय."

मी तोंड जवळ नेलं आणि श्वास भरून घेतला.