अंगठा पोचत नाही

पटासाठी मोबाइल घ्यायचं कमिटीत ठरलं, तेव्हाच मी पाय मागे घ्यायला हवा होता. पण त्यालाही एक प्रकारची हिंमत लागते आणि ती माझ्यात कमी आहे. बावीस वर्षं गावच्या वाचनालयात पुस्तकं दिली-घेतली. तिथे वाद घालायची सवय लागत नाही.

आमच्या गावचा शंकरपट जानेवारीत भरतो, धानाची मळणी उरकल्यावर. एकेक बैलजोडी हलक्या छकडीला जुंपून सोडतात आणि कोणाला किती सेकंद लागले त्यावरून नंबर काढतात. ते सेकंद मोजायचं काम एकोणीस वर्षं माझ्याकडे आहे. डाव्या हातात झेंडी, उजव्या हातात स्टॉपवॉच. मी झेंडी वर केली की पलीकडच्या टोकाला समजतं, इकडे तयारी आहे. तिकडची झेंडी पडली की मी कळ दाबतो. बैलांची तोंडं चुन्याच्या रेघेवर आली की पुन्हा कळ दाबायची आणि त्याच क्षणी आपली झेंडी खाली आणायची. दोन्ही कामं एकाच माणसाने करायची, हा आमच्याकडचा दंडक. फार पूर्वी ती दोघांकडे होती. झेंडी एका वेळी पडली, घडी दुसऱ्या वेळी थांबली, आणि त्याचं भांडण होळीपर्यंत पुरलं. तेव्हापासून एकच माणूस, आणि शक्यतो कोणत्याच पार्टीत नसलेला. मला निवडलं ते त्यामुळेच. माझी नजर तीक्ष्ण आहे असं कोणी कधी म्हटलेलं नाही.

गेल्या वर्षी स्टॉपवॉचची कळ आत बसली, ती बाहेर आलीच नाही. दुरुस्त करणारा चंद्रपुरातही सापडला नाही.

"आता मोबाइलच घेऊ," कमिटीचा सचिव निकेश म्हणाला. "मोठा घेऊ. वामनभाऊ, तुमच्या मुठीत काय चालू राह्यते, कोनाले दिसते का? लोकाईले आकडा दिसला पायजे."

"पन मले तो एका हातात धराचा आहे."

"मंग? मी बी एकाच हातात धरतो." त्याने आपला मोबाइल खिशातून काढून एका हातात धरून दाखवला. मग तो उघडायला दुसरा हात लावला. मी ते पाहिलं. बैठकीतल्या अकराही जणांनी पाहिलं. आणि सगळ्यांनी मोठ्याच्याच बाजूने हात वर केले.

तालुक्याच्या गावी, सावलीला, मोबाइलच्या दुकानात निकेशबरोबर मीही गेलो, एवढं तरी केलं. काउंटरवरच्या बाईंना म्हटलं, "मुठीत मावंन असा दाखवा."

"बाबा, तसा आता येतच नाई."

"काऊन?"

"लोकं घेत नाई म्हनून येत नाई."

"आनि लोकं काऊन घेत नाई?"

"येतच नाई तं घेतीन कुठून?" त्या हसल्या. "मलेबी लहानच पायजे होता. माहा हा पर्समधी मावत नाई. झोपून पाह्यलं तं तोंडावर पडते." एवढं बोलून त्यांनी त्याहूनही मोठा एक माझ्यापुढे ठेवला. "हा पाहा. सारे याच्याच मागं लागले आहेत."

मी तो हातात घेतला. अंगठा डावीकडच्या कडेपर्यंत जाईना. दुसरा घेतला, तिसरा घेतला. निकेश म्हणाला, "भाऊ, तुमचा हातच लहान आहे." एवढ्या आयुष्यात माझ्या हाताविषयी कुणाची तक्रार नव्हती.

घरी आणल्यावर सराव सुरू केला. निकेशने त्यात घड्याळाचं एक ॲप टाकून दिलं होतं. ते ज्याने बनवलं त्याचे दोन्ही हात रिकामे असणार. 'सुरू'चं बटण खाली मधोमध. ते दाबलं की नाहीसं व्हायचं आणि त्याच्या जागी दोन उगवायची: अंगठ्याजवळ, उजवीकडे, 'शून्य', आणि पार डाव्या कोपऱ्यात 'थांबा'. म्हणजे जे सोपं ते दाबलं तर सगळं पुसलं जाणार, आणि जे हवं तिथे अंगठा पोचणार नाही. पोचवायला गेलं की मोबाइल तळहातावर कलंडायचा. डाव्या हातात धरून पाहिला. बटण जवळ आलं, पण माझा डावा अंगठा अर्धा सेकंद उशिरा चालतो, आणि पटात अर्ध्या सेकंदात पाच जोड्या मावतात.

झेंडी म्हणून झाडू घेतला आणि बायकोला, मीराबाईला, विहिरीपासून फाटकापर्यंत चालायला सांगितलं. दोन फेऱ्या तिने मारल्या.

"आता पळत ये."

"मी काय बैल आहो?" ती म्हणाली. "निकेशले सांगा ना, जमत नाई म्हनून."

सांगितलं. निकेश म्हणाला, "सवय होते, भाऊ. साऱ्याईले झाली."

कदाचित खरं असेल, असं मला वाटलं. पुस्तकं वाचणाऱ्याला यंत्रं जमत नाहीत असं लोक म्हणतात, आणि लोक म्हणतात ते मला पटकन पटतं.

पटाच्या सकाळी एक बाई माझ्याजवळ आली. बुधरी तिचं नाव. वैनगंगेपलीकडची, गडचिरोलीच्या बाजूची. तिची जोडी पहिल्यांदाच पटात उतरत होती. छकडी तिचा भाऊ हाकणार होता.

"भाऊ, किती नंबर काढतेत?"

"पाच."

"पाचात आली पायजे." गर्दी अडवायला बांधलेल्या दोराशी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे, कोलूकडे, तिने मान वळवली. "ते म्हनते, ट्रॅक्टर भाड्यानं भेटते तं बैल काऊन पोसाचे? येत्या बाजारात नेतो म्हनते. मी म्हटलं, पटात पाचात आली तं?"

"मंग?"

"मंग ठेवीन म्हनाले. चार लोकात म्हनाले."

बैल पांढरे होते, उंचीने बेताचे. वासरं असल्यापासून तिनेच वाढवलेले. ती बोलत असताना त्यातला एक तिच्या पदराचं टोक चघळत होता आणि तिला ते कळतही नव्हतं. मी म्हटलं, "पाहू." याहून जास्त बोलणं बरं वाटलं नाही. वेळ घेणाऱ्याने कोणाचं भलं चिंतू नये, असं मला वाटतं.

एकूण एक्केचाळीस जोड्या होत्या. माझ्या मागे ही गर्दी. सगळ्यांना आकडा पाहायचा होता, आणि नुसता पाहायचा नव्हता, शूट करायचा होता. मानेवर श्वास, कानाशी आवाज: "वामनभाऊ, जरा इकडं करा ना, चकाकून राह्यलं." दर जोडीला मी अंगठा ताणला आणि दर जोडीला त्याचं मूळ ठणकलं. पण कसंबसं जमत होतं. तेहेतीस जोड्या झाल्या तेव्हा पाचव्या नंबरावर आमच्याच गावचा सोमाजी होता, माझा लहानपणचा सोबती. नऊ सेकंद चाळीस.

चौतिसावी जोडी बुधरीची.

पलीकडची झेंडी पडली. मी 'सुरू' दाबलं. बैल कसे आले ते मला सांगता येत नाही, कारण मी अंगठ्याकडे पाहत होतो. मला चीड येते ती याचीच. एकोणीस वर्षं मी बैल पाहत आलो. स्टॉपवॉचची कळ न पाहता सापडायची. यंदा एवढ्या जोड्या समोरून गेल्या आणि मला आठवते ती फक्त काच. टापांचा आवाज रेघेवर आला. अंगठा डावीकडे टाकला, मोबाइल कलंडला, तो झेंडीच्या हाताने सावरला, आणि मग कुठे बटण सापडलं. नऊ चौऱ्याहत्तर. निकेशने माइकवर आकडा वाचला. बुधरीने शेजारच्याला विचारलं, पाचात आली का. त्याने नकारार्थी मान हलवली.

उशीर झाला होता. किती, ते मला माहीत नव्हतं. पाव सेकंद? अर्धा? पुढच्या सात जोड्या मी घेतल्या आणि प्रत्येक वेळी ठरवलं, ही झाली की सांगतो. पण सांगून काय होणार? आकडा चुकला म्हणायचं, तर बरोबर आकडा कोणता? आणि चुकला होता हे तरी नक्की का? की त्या बाईचं बोलणं कानात असल्यामुळे मला तसं वाटत होतं? ती सकाळी माझ्याशी बोललीच नसती, तर मी एवढा विचार केला असता का?

शेवटची जोडी झाली. सोमाजी पाचवाच राहिला. कोलू कोणाशी तरी बाजाराच्या दिवसाचं बोलत होता. मी निकेशच्या टेबलाजवळ गेलो आणि त्याच्या कानाशी वाकलो.

"निकेश, चौतिसाव्या जोडीची वेळ चुकली. अंगठा पोचला नाई."

माइक चालू होता. हे मला माहीत नव्हतं.

मैदानभर ऐकू गेलं: अंगठा पोचला नाई. आणि सगळेच एकदम बोलू लागले.

"मंग बाकीच्या चाळीसाईचं काय?"

"माही जोडी बी अशीच पाडली असन!"

"एकोनीस वर्सं असंच चालू आहे वाट्टे!"

सोमाजी गर्दीतून पुढे आला. "वामन, पाचवा नंबर माहा आहे. आता हे काय काढून राह्यला तू?"

"वेळ चुकली, सोमा."

"किती चुकली?"

"माहीत नाई."

"माहीत नाई तं बोलतो काऊन?"

कोलू म्हणाला, "आकडा पडला तो पडला. माइकवर सांगतला ना? चला." बुधरी हलली नाही. जोडी पुन्हा सोडा, असं कोणी म्हणालं, तशी ती त्याच्याकडे वळली. "दमले आहेत ते. दुसऱ्यांदा नाई सोडत. याईच्या अंगठ्यापायी माह्या बैलाईनं मराचं का?"

"कोनाकडं व्हिडिओ आहे का?" निकेशने विचारलं.

साठ-सत्तर मोबाइल बाहेर निघाले. एकात नुसती धूळ. एकात बैल स्पष्ट, पण घड्याळ नाही. एकात घड्याळ, पण दुसऱ्याच जोडीचं. एकात तर शूट करणाऱ्याचंच तोंड, मागे कुठेतरी शिंगं. एवढाले पडदे, आणि हवं ते एकावरही नाही.

"माह्याकडं आहे," नूतन म्हणाली. नूतन ही सोमाजीची मुलगी, सावलीच्या कॉलेजात बी.ए.ला. "मी वामनकाकाच्या मागंच होती."

"नूतन, ठेव तो आत," सोमाजी म्हणाला.

"बाबा, पाहू तं द्या."

"ठेव म्हटलं ना!"

तिने बापाकडे पाहिलं नाही. मोबाइल निकेशच्या हातात दिला.

व्हिडिओ माझ्या खांद्यावरून घेतलेला होता. समोर रेघ, खाली माझ्या हातातली काच आणि तिच्यावर ते मोठाले आकडे. बैलांची तोंडं रेघेवर आली तिथे निकेशने तो थांबवला. नऊ सेकंद, आणि पुढे दोन. त्यापुढचा आकडा पुसट होता. नऊ-वीस धरा की नऊ-एकोणतीस, सोमाजीच्या आतच.

मग निकेशने तो पुढे चालवला. त्याची गरज नव्हती. बैल निघून गेले, रेघ मोकळी झाली, आणि माझा अंगठा डावीकडे निघाला. पोचला नाही. मागे आला, पुन्हा गेला. मोबाइल ओल्या मासोळीसारखा निसटला आणि झेंडी माझ्याच तोंडावर फडफडली. लोक हसले. "पुन्हा लाव," कोणी म्हणालं, आणि पुन्हा लावला. तिसऱ्या वेळी कमिटीतलेही हसत होते. संध्याकाळपर्यंत तो चिमूर-राजुऱ्याच्या, म्हणजे जिल्ह्याच्या दोन्ही टोकांच्या, ग्रुपवर पोचल्याचं मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त सोमाजीकडे पाहत होतो. तो हसत नव्हता.

बाकीचेही आकडे तपासायला लोक नूतनभोवती जमले. तिच्याकडे आणखी अकरा जोड्यांचे व्हिडिओ होते. अकराही आकडे बरोबर निघाले. हे मात्र कोणी माइकवर सांगितलं नाही.

निकेशने कागदावरचं सोमाजीचं नाव खोडलं. "जोडी कोनाच्या नावानं लिहू?"

"माह्या," कोलूने तोंड उघडायच्या आत बुधरी म्हणाली.

सोमाजी माझ्याजवळून जाताना थांबला. "पुढच्या वर्सी तू राहू नोको, वामन." मी हो म्हटलं. त्याने आणखी काही बोलावं म्हणून मी थांबलो होतो, पण तो गेला.

कोलू चपलेने चुन्याची रेघ उकरत उभा होता. "एका वर्साचीच बात झाली होती," तो कोणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाला.

मग बुधरी माझ्याकडे आली.

"तुमाले जमत नव्हतं, तं सकाळीच काऊन नाई सांगतलं? मी इचारलं तवा?"

"कमिटीले सांगतलं होतं."

"मले नाई सांगतलं."

ते खरं होतं. तिने नूतनला व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मी मान खाली घातली. पण बैल रेघेवर येताच ती म्हणाली, "बस. इथीच." नूतन दोन्ही हातांनी मोबाइल धरून उभी राहिली आणि बुधरी वाकून बराच वेळ आपल्या बैलांकडे पाहत राहिली. पाहून झाल्यावर ती त्यांच्या दाव्याशी गेली.

"पानी आना," ती कोलूला म्हणाली.

छकडीची बादली काढून कोलू हापशीकडे गेला.