आत्याचं गाणं माझ्या बोटांत

आमच्या गिटारच्या सरांकडे पुस्तक नाही, वही नाही. "आवडतं गाणं आणा, बोटं आपोआप येतील," एवढाच अभ्यासक्रम. आणि तो चालतो हो! वर्षभरात मी अशी वाजवायला लागले की वर्गातली मोठी मुलंसुद्धा मला उस्ताद म्हणतात. मला ते भयंकर आवडतं, उगाच लाजायचं कशाला?

पण सरांचा एक नियम आहे. शनिवारी आपण आपलं गाणं वाजवायचं, मग सर दुसऱ्या कुणाला तरी तेच वाजवायला लावतात. ज्याचं सरस, गाणं त्याचं. हरलेल्याने जिंकलेल्याला शब्द शिकवायचे, तेही सगळ्यांसमोर. आणि ज्याच्याकडे गाणं उरलं नाही, त्याला वर्गाच्या वार्षिक कार्यक्रमात स्टेज नाही.

माझी आत्या पडदे शिवते. माझं बघून तिलाही चेव आला आणि लाँड्रीवरच्या खोलीत, आमच्या वर्गात, ती माझ्या शेजारी येऊन बसली. तिचं गाणं मोबाईलवर कितीही शोधा, मिळणार नाही. तरुणपणी ती ज्या शिलाईच्या कारखान्यात होती, तिथल्या बायकांनी मशीन चालवता चालवता ते रचलं होतं. त्यातल्या चौघी कार्यक्रमाला येणार होत्या. आत्याने साडीसुद्धा काढून ठेवली होती.

घोडं अडलं एफ कॉर्डपाशी. तिथे पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबावं लागतं आणि आत्याचं ते बोट सुया टोचून टोचून लाकूड झालेलं. तारा खरखरायच्या.

"आत्याबाई, तार आहे ती, दोरा नाही," सर म्हणाले. "थुंकी लावून ओवायला जाल!"

पोरं खिदळली. आत्याही हसली, पण तिचे कान लाल झाले.

मग घरी मी तिची मास्तरीण झाले. "अगं, सहा कशाला? खालच्या तीनच दाब. बाकीच्यांना सुट्टी."

"चालतं असं?"

"धावतं!"

आणि खरंच धावलं. शनिवारी तिने गाणं कुठेही न अडता शेवटापर्यंत नेलं. मी तर जागेवर उडालेच.

"बरं होतं," सर म्हणाले. "आता उस्ताद."

मी वाजवायला घेतलं, एफ आला तसं बोट सैल सोडलं आणि "अरेरे!" म्हणून थांबले. सर गालात हसले. आत्याने मात्र गिटार भिंतीला टेकवून ठेवली.

"मुद्दाम केलंस."

"नाही गं आत्या..."

"झोपेतून उठवलं तरी तुला एफ येतो. मला भीक घालतेस? नीट वाजव."

"आत्या, प्लीज ना."

"वाजव म्हटलं ना कार्टे!"

मग वाजवलं. आणि काय सांगू, असं वाजलं! एफचा भरगच्च आवाज खोलीभर पसरला आणि धृपदाकडे वळताना बोटांनी स्वतःच्या मनाने एक सुंदर गिरकी घेतली. मधे तर आत्या समोर बसली आहे हेही मी विसरले. संपलं तेव्हा पोरांनी बाकं बडवली.

"बघितलंत?" सर आत्याला म्हणाले. "तुम्ही ठिगळ लावत होतात, हिने गाणं शिवलं. चला, शब्द शिकवा."

आत्याने शिकवले. एक ओळ ती, एक ओळ मी. "तिथे श्वास घेऊ नकोस," "एवढं ओढू नकोस," अगदी कडक. आवाज एकदाही कापरा झाला नाही. दुसरं कडवं संपलं आणि ती थांबली.

"एवढंच?" सरांनी विचारलं.

"एवढंच."

सर माझ्याकडे वळले. "एवढंच ना गं?"

वर्गात कधीच न म्हटलेलं तिसरं कडवं मला घरी ऐकून ऐकून तोंडपाठ होतं. त्यात कारखान्यातल्या एकेका बाईचं लाडकं नाव येतं, आत्याचंही.

"एवढंच," मी म्हणाले.

जिन्यात मी तिचा दंड धरला. "आत्या, तिसरं कडवं आपण दोघी घरी..."

तिने हात सोडवून घेतला. "त्या चौघींना फोन कर. गाणं तू म्हणणार आहेस म्हणून सांग. मला सांगायला जमायचं नाही."

"मी सांगू?"

"मग कोण सांगणार? गाणं तुझं आहे." दोन पायऱ्या उतरून ती वळली. "आणि तिसरं कडवं विसर. तुलासुद्धा ते मी दिलेलं नाही."